प्लॅटिनमचे औषध आणि मूत्रपिंडाची किंमत

कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली चुंबक धरला की बलरेषा उमटतात. हा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात केलेला असतो. विभाजन होत असलेल्या पेशीचे चित्रही बरेचसे तसेच दिसते. या साम्यावरून अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे बार्नेट रोझेनबर्ग यांना प्रश्न पडला : विद्युतक्षेत्राचा पेशीविभाजनावर परिणाम होत असेल काय?

ई. कोलाय जीवाणूंच्या द्रावणातून त्यांनी प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांद्वारे प्रवाह सोडला. जीवाणूंचे विभाजन थांबले. ते नुसतेच लांबत गेले, नेहमीच्या ३०० पटींपर्यंत! मात्र हा प्रताप विजेचा नव्हता. निष्क्रिय समजल्या जाणाऱ्या विद्युतअग्रांतून किंचित प्लॅटिनम विरघळून त्याची संयुगे बनली होती. हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सिसप्लॅटिन हे संयुग तर मिकेले पेरोने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच बनवले होते. १९६९ मध्ये त्याने उंदरांमधील कर्काची गाठ नाहीशी होते असे दिसले आणि लवकरच माणसांवर चाचण्या सुरू झाल्या.

येथेच गाडे अडले. गाठी आक्रसत होत्या, पण रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. औषध सोडून देण्याची वेळ आली. असे का व्हावे? मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी रक्तातले सिसप्लॅटिन वाहक प्रथिनांच्या साहाय्याने आत ओढून घेतात. त्यामुळे तेथे त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी वाढते आणि पेशी मरतात. शरीर स्वच्छ ठेवणारा अवयवच विषाचा धनी होतो.

उपाय मात्र अगदी साधा निघाला. न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन-केटरिंग केंद्रातील डॉक्टरांनी शिरेतून भरपूर सलाइन आणि लघवी वाढवणारे मॅनिटॉल देऊन पाहिले. मूत्रपिंडाची हानी पुष्कळ कमी झाली. हे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. एरवी प्राणघातक ठरणारा, शरीरभर पसरलेला वृषणाचा कर्करोगही आता बहुतेक रुग्णांत बरा होतो.

धोका मात्र संपलेला नाही. नलिका दुखावल्या की मॅग्नेशियम लघवीवाटे निसटते. प्रौढांत मधुमेह वा रक्तदाब असल्यास जपावे लागते. लहान मुलांत अडचण निराळी आहे. रक्तातले क्रिएटिनिन स्नायूंपासून येते. मुलांचे स्नायू थोडे, म्हणून मोठ्यांसाठी ठीक असलेला आकडा मुलाच्या बाबतीत बिघाडाची खूण असू शकतो. शिवाय बऱ्या झालेल्या मुलापुढे सारे आयुष्य असते. त्याच मूत्रपिंडांवर त्याला पुढची साठ-सत्तर वर्षे काढायची असतात. म्हणून उपचार संपल्यानंतरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

आम्हा संशोधकांना रोझेनबर्गांचे कौतुक वाटतेच. पण पाण्याची बाटली टांगून मूत्रपिंडे वाचवणाऱ्यांचेही ऋण तेवढेच आहे. वर्गात पहिली गोष्ट सांगताना दुसरी सांगायला आपण विसरू नये.