मद्यपरीक्षेची परिभाषा : तगरपासून आयलेपर्यंत

१

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत आयले नांवाचें एक बेट आहे. तेथील धुरकट वासाच्या मद्याची रुचि घेऊन त्यास शंभरांपैकीं गुण देण्याची रीत गेल्या तीसचाळीस वर्षांत जगभर रूढ झाली असून, आपल्या देशांत होणारीं मद्येंही आतां त्याच तराजूंत घातलीं जातात. असला विषय इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकास कितपत शोभतो, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. आम्ही स्वतः मद्य घेत नाहीं, व मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतुही नाहीं. तथापि पदार्थाची परीक्षा ही एक विद्या आहे व प्रत्येक विद्येस स्वतःची परिभाषा लागते. ती परिभाषा कोणत्या परिस्थितींत वाढते व कोणत्या परिस्थितींत खुंटते, हा प्रश्न निखालस इतिहासाचा आहे. आणि त्याच्या उत्तराचीं साधनें धाराशिव जिल्ह्यांत व त्याच्या शेजारीं दोन हजार वर्षांचीं विखुरलेलीं आहेत.

त्या साधनांवरून आमचें मत असें झालें आहे कीं, देश, द्रव्य, वय व गंध या चार अंगांनीं मद्य पारखण्याची पद्धति आपल्याकडे प्राचीन काळींच सिद्ध झाली होती. पुढें मद्य हा केवळ वसुलाचा जिन्नस ठरल्यावर त्या चारही अंगांचा लोप होऊन एक तीव्रता तेवढी शिल्लक राहिली. याचें फळ कोणास भोगावें लागलें, तें लेखाच्या शेवटीं सांगूं.

२

प्रथम, ज्या परीक्षेची आज इतकी प्रसिद्धि आहे, तिचें स्वरूप पाहूं. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यांत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातन करून काढलेलें व स्कॉटलंडच्या नियमाप्रमाणें ओकच्या पिंपांत निदान तीन वर्षें मुरविलेलें मद्य. जवास मोड आले म्हणजे ते वाळवावे लागतात. लाकूड जेथें दुर्मिळ, तेथें हें काम पीट नांवाच्या जळणावर होई. दलदलींत हजारों वर्षें साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर विटांसारखा कापून वाळविला म्हणजे पीट तयार होतें. त्याचा धूर ओलसर दाण्यांत मुरतो, व धुरांतील फिनॉल जातीचीं द्रव्यें मद्यांत उतरतात.

या द्रव्यांचें मान दहा लक्ष भागांत किती भाग असें मोजतात. लागाव्हुलिनच्या जवांत तें सुमारें ३५ व आर्डबेगच्या जवांत सुमारें ५५ असतें. परंतु हें मान दाण्याचें आहे, मद्याचें नव्हे, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. ऊर्ध्वपातनांत व पिंपांत त्यांतील बराच अंश नाहींसा होतो. म्हणून केवळ आंकड्यावरून निवाडा होत नाहीं. नाक व जीभ यांसच साक्षीस बोलवावें लागतें.

ही साक्ष घेण्याची रीत ठराविक आहे. तोंडाशीं निमुळता असा पेला घेऊन आधीं वास, मग रुचि, मग गिळल्यावर मागें रेंगाळणारी चव आणि अखेरीस सर्वांचा मेळ पाहावयाचा. जिम मरे या इंग्रज परीक्षकानें या चार अंगांस प्रत्येकीं २५ गुण ठेविले. मद्यांत थोडें पाणी घातल्यानें वास खुलतो, हा परीक्षकांचा जुना अनुभव होता. पिटाच्या धुरांतून येणारें ग्वायाकॉल नांवाचें द्रव्य मद्य सौम्य केल्यानें पृष्ठभागाकडे सरकतें, असें स्वीडनमधील दोघां शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं संगणकावर मांडलेल्या गणितानें दाखविलें.

धूर हा गुण कीं दोष, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडे दुधास धुरकट वास लागला तर मुलेंसुद्धां नाक मुरडतात. परंतु मार्गशीर्ष-पौषांत, शेतांतल्या आगटींत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला ज्वारीचा हुरडा धुराच्या वासावांचून कोणास रुचेल काय? त्यांतही सुरती कोणती, गूळभेंडी कोणती, कणीस किती कोंवळें, आंच किती, हें सांगणारे जाणते प्रत्येक गांवीं असतात. स्थानिक जळणाचा धूर ओल्या धान्यांत मुरविणें व मग त्या धान्याची प्रत ठरविणें, ही क्रिया आयलेस व धाराशिवास एकच आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आणलेल्या आयलेच्या मद्याचा आम्हीं केवळ वास घेऊन पाहिला. कार्बोलिक साबण व विझत आलेली आगटी हीं दोनच नांवें आम्हांस सुचलीं. परीक्षकांच्या टिपणांतही इस्पितळाचा व राखेचा वास असे शब्द नेहमीं येतात, हें आम्हांस मागाहून कळलें.

३

आतां आपल्या साधनांकडे वळूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदराचें वर्णन आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें तो ग्रंथकार सांगतो. हें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर होय, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें, व १९५८ मध्यें चापेकर यांनीं केलेल्या उत्खननानें तेरची प्राचीन भरभराट दृष्टोत्पत्तीस आली.

याच ग्रंथांत भडोचास उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत मद्य आहे, आणि तें नुसतें मद्य म्हणून नाहीं. इटलीचें, लाओदिकीचें व अरबस्तानचें असे तीन प्रकार देऊन इटलीच्यास विशेष पसंति असल्याचें म्हटलें आहे. शिवाय राजासाठीं येणाऱ्या वस्तूंत उत्तम मद्याची वेगळी गणना आहे. दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या या रोकड्या टिपणांत देशपरत्वें नांव, त्या नांवांत तरतमभाव व ग्राहकपरत्वें प्रत, अशीं परीक्षेचीं तिन्ही लक्षणें उतरलीं आहेत.

हें मद्य तगरपर्यंत आलें असें मात्र ग्रंथकार म्हणत नाहीं. तगरचें नांव तो घेतो तें तेथून गाड्यांवर भडोचास जाणाऱ्या कापडासाठीं. तथापि ज्या रोमन कुंभांतून मुख्यत्वें मद्य येत असे त्यांचे तुकडे १९५४ ते १९५६ च्या उत्खननांत प्रवरेकांठीं नेवासें येथें सांपडले आहेत. म्हणजे समुद्रावरून आलेला हा माल घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यांत येत होता, यांत संशय नाहीं.

४

परदेशी मालास गांवाचें नांव चिकटणें साहजिक आहे. आपले शास्त्रकार या बाबतींत किती सूक्ष्म होते, तें आतां पाहूं. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार सांगून घटकांचीं प्रमाणें दिलीं आहेत. पैकीं मधु म्हणजे द्राक्षाचें मद्य. त्याचें नांव त्याच्या देशावरून पडतें असें सांगून तो कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें देतो. कापिशायन शब्द कापिशी या नगरनामापासून सिद्ध करण्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र रचलें आहे. ज्या मद्यास वैयाकरणाचें सूत्र लाभलें, त्याची बाजारांत केवढी प्रतिष्ठा असेल! आयलेचा माल म्हणून आज जो मान मिळतो, त्याच जातीचा हा मान होय.

द्रव्याचा विचार चरकानें केला. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्यानें आसवांच्या नऊ योनि मांडल्या आहेत : धान्याचे ६, फळांचे २६, मुळांचे ११, सारकाष्ठांचे २०, पुष्पांचे १०, कांडांचे ४, पानांचे २, सालींचे ४ व शर्करेचा १, मिळून ८४. वयाविषयींही त्याचा निर्णय स्पष्ट आहे : नवें मद्य बहुधा जड व दोष वाढविणारें, जुनें हलकें, रुचिकर व दीपन करणारें. गंधाची साक्ष अमरसिंह देतो. त्यानें दिलेल्या मद्याच्या पर्यायांत गंधोत्तमा असा एक शब्द आहे. वासावरून मद्याचें श्रेष्ठत्व ठरविणारा समाज असल्यावांचून हा शब्द जन्मास येता ना.

मोड आणलेल्या जवाचें मद्यही आपणांस नवें नव्हे. सौत्रामणी यागाच्या सुरेसाठीं शष्प व तोक्म लागतात. शष्प म्हणजे अंकुरलेली साळ व तोक्म म्हणजे अंकुरलेले जव असा अर्थ भाष्यकार करतात. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. एवढ्यावरून अथवा परिस्रुता या पर्यायावरून वैदिक ऋषि स्कॉच काढीत होते असें अनुमान काढणारे पंडित निघतील. तें सर्वथा चुकीचें होय. सौत्रामणीची सुरा आंबविलेली व गाळलेली. ऊर्ध्वपातनाचा तेथें संबंध नाहीं.

५

हें शास्त्र केवळ उत्तरेकडील पोथ्यांत राहिलें नव्हतें. उमरग्याच्या पूर्वेस, आज कर्नाटकांत असलेलें बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील तिसऱ्या सोमेश्वरानें (इ. स. ११२६ ते ११३८) शके १०५१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथाचें श्रीगोंदेकर यांचें संस्करण बडोद्याहून १९२५ पासून तीन खंडांत निघालें. राजाच्या वीस भोगांत सोमेश्वरानें अन्नाचा व पाण्याचा विचार केलाच, पण धूपभोग म्हणून धुराचाही स्वतंत्र विचार केला. आणि क्रीडांच्या विंशतींत मदिरापानास जागा दिली. सुगंधी धूर हा राजानें पारखून भोगण्याचा विषय आहे, अशी समज आपल्या शेजारच्या राजधानींत नऊशें वर्षांपूर्वीं होती, एवढें यावरून निश्चित ठरतें.

६

मग ही परिभाषा गेली कोठें? याचें उत्तर एका शब्दांत सांपडतें, आणि तो शब्द आहे गुत्ता. कानडी व तेलुगु भाषांत याचा मूळ अर्थ ठेका, मक्ता. मराठवाड्यांत रस्ता बांधणाराही आजपावेतों गुत्तेदारच. परंतु पश्चिम महाराष्ट्रांत गुत्ता म्हणजे दारूचें दुकान असा अर्थ रूढ झाला. जो शब्द वसुलाच्या रीतीचा, तोच वस्तु विकण्याच्या जागेचा झाला. निजामाच्या राज्यांत दारू व शिंदी यांचे हक्क लिलावानें मक्त्यास दिले जात. हैदराबादेचा अबकारी कायदा १३१६ फसली सालचा. इंग्रजी मुलखांत मुंबईचा अबकारी कायदा १८७८ चा, आणि मोहाच्या फुलांवर नियंत्रण घालणारा कायदा १८९२ चा. कर बसविण्यास सरकारास हवें होतें एकच माप, मद्याच्या तीव्रतेचें. लंडन प्रूफ म्हणून जें माप चाललें त्याचे १०० अंश म्हणजे आकारमानानें शेंकडा ५७ च्या किंचित् वर मद्यार्क. फूल कोणत्या रानाचें, भट्टी कोणाची, मद्य किती वर्षांचें, हे प्रश्न दप्तरांतून पुसले गेले.

या जिल्ह्याचें मुंबई राज्यांत विलीनीकरण १९५६ सालीं झालें, व पुढें त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा येथेंही लागू झाला. तेव्हां चोरून गाळणारास आपलें नांव सांगण्याची सोयच उरली नाहीं. अशा स्थितींत मराठींत परीक्षेचा एकच शब्द जिवंत राहिला, तो म्हणजे ‘पहिल्या धारेची’. हा शब्द तीव्रतेचा आहे. आयलेचा कारागीर नेमकी पहिली धार बाजूस काढतो, शेवटचीही काढतो, व मधली तेवढी पिंपांत भरतो. आणि धुराचा वास मधल्या धारेच्या उत्तरार्धांत अधिक उतरत असल्यामुळें मधली धार कोठें तोडावी, यांतच त्याचें कसब असतें. आपण पहिली धार वाखाणतों, तो मधल्या धारेसाठीं थांबतो. हा भेद जातिस्वभावाचा नसून कायद्याचा व इतिहासाचा आहे, असें आम्हांस वाटतें. ज्यास नांव लावून विकावयाचें आहे तोच थांबूं शकतो.

७

याचें प्रत्यंतर आपल्याच देशांत अलीकडे मिळालें. बंगळूरच्या अमृत कारखान्यानें २००४ सालीं ग्लासगो शहरांत आपलें सिंगल माल्ट मांडलें. भारतीय जव व स्कॉटलंडचे पीटधुरी दिलेले जव यांच्या मेळानें केलेल्या त्याच्या फ्यूजन या मद्यास मरे यांनीं आपल्या ग्रंथाच्या २०१० च्या आवृत्तींत जगांत तिसरा क्रमांक दिला. पाठोपाठ गोव्यांतील कुंकळ्ळीचें पॉल जॉन २०१२ मध्यें विलायतेंत विक्रीस गेलें. गांवाचें व घराण्याचें नांव लावण्याची मुभा मिळतांच आपला कारागीर पारखला गेला.

परंतु ही मुभा श्रीमंताच्या पेल्यापुरती आहे. कौटिल्यानें बिघडलेल्या सुरेची वाट सांगितली आहे ती अशी कीं, ती दासांस व मजुरांस वेतन म्हणून द्यावी, किंवा जनावरांस व डुकरांस पाजावी. या वचनाचा कटु प्रत्यय आजही येतो. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. जीस नांव नाहीं, गांव नाहीं व परीक्षक नाहीं अशीच ती दारू होती. परिभाषेचा लोप हा केवळ कोशकारांच्या हळहळीचा विषय नव्हे. वस्तूचें नांव पुसलें गेलें म्हणजे तिचा जबाबदार धनीही पुसला जातो, आणि किंमत गरीब मोजतो.

यासाठीं एक सूचना करून लेख पुरा करितों. धाराशिव, तुळजापूर, उमरगें व परांडें या भागांत कलालांचीं व शिंदी काढणारांचीं जुनीं कुटुंबें आहेत. भांडीं, फुलें, आंबवण, धार व वास यांविषयींचे त्यांचे शब्द अद्याप वृद्धांच्या तोंडीं असतील. शिलालेखाचा ठसा घ्यावा तितक्याच काळजीनें, कोणाचाही उपहास वा स्तुति न करितां, ते तरुण संशोधकांनीं टिपून घ्यावे. शिलालेख आणखी शंभर वर्षें टिकेल. हे शब्द तितके थांबणार नाहींत.