हॅनफर्ड : शुद्धीकरणावरील राज्य व जमातींची देखरेख

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी १९४३ मध्ये उभारलेला प्लुटोनियम-निर्मिती प्रकल्प. नागासाकीवरील बाँबचे प्लुटोनियम इथलेच. नऊही अणुभट्ट्या बंद पडल्या. मागे उरल्या जमिनीत पुरलेल्या १७७ टाक्या आणि सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी गाळ व द्रव. त्यांपैकी १४९ टाक्या एकेरी कवचाच्या. अनेकांना गळती लागली.

साफसफाई संघीय ऊर्जा खात्याकडे. पण ज्याने घाण केली, त्याच्याच शब्दावर विसंबायचे कसे? म्हणून १९८९ मध्ये हे खाते, संघीय पर्यावरण संरक्षण संस्था आणि राज्याचे पर्यावरण खाते यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. घातक कचऱ्याचे परवाने राज्य देते, मुदती हुकल्यास दंडही करू शकते.

याकामा, उमाटिला व नेझ पर्स या मूलनिवासी जमातींची त्रिपक्षीय करारावर सही नाही, हे खटकते. १८५५ च्या तहांत त्यांनी जमीन सोडली, मासेमारी, शिकार व कंदमुळांचे हक्क मात्र राखले. त्यांचे तज्ज्ञ आता शुद्धीकरणाचे आराखडे तपासतात. नदी किती स्वच्छ हवी, याचे त्यांचे माप वेगळे : अधूनमधून येणारा पर्यटक नव्हे, तर रोज सॅमन खाणारे कुटुंब.