बोलण्याआधीच्या खुणा

मूल साधारणतः वर्षाचे होता होता पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते. मात्र त्याचे हात त्याआधीच बोलू लागलेले असतात. जीभ व ओठ यांच्या सूक्ष्म हालचालींवर ताबा येण्यास वेळ लागतो, हात त्यामानाने लवकर वळतो. या अंतराचा उपयोग करून ऐकू येणाऱ्या तान्ह्या मुलांना ‘दूध’, ‘आणखी’, ‘संपले’ अशा खुणा शिकविण्याच्या पद्धतीस ‘बेबी साइन’ म्हणतात.

या पद्धतीचा प्रसार अमेरिकेतून झाला. १९८२ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा ॲक्रेडोलो यांच्या वर्षभराच्या मुलीने फुलाकडे बोट दाखवून वास घेतल्याची नक्कल केली. त्यावरून त्यांनी सुसान गुडविन यांच्यासह संशोधन केले. १९९६ मध्ये दोघींचे पुस्तक आले. मग वर्ग, चित्रपत्ते व ध्वनिचित्रफितींचा बाजार उभा राहिला आणि बुद्धी वाढविण्याची आश्वासनेही आली.

मराठी घराला यात नवल वाटू नये. ‘जयजय कर’ म्हणताच जुळणारे हात, ‘टाटा’, ‘भुर्र’ जायचे म्हणून दाराकडे केलेले बोट, रिकामे तळवे दाखवून सांगितलेले ‘संपलं’, या खुणाच आहेत. जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या गावात हे शिक्षण आजीच्या मांडीवर, विनाशुल्क चालत आले आहे.

आश्वासने मात्र कसोटीला उतरलेली नाहीत. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क व सहकाऱ्यांनी ४० बालकांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खुणा शिकलेली मुले भाषेत पुढे गेल्याचे दिसले नाही. काही माता मात्र मुलाच्या हावभावांकडे अधिक लक्ष देऊ लागल्या होत्या, आणि हा लाभ लहान नाही. खुणांमुळे बोलणे लांबते, ही भीतीही निराधार आहे.

खरा धोका निराळाच. खुणांवर घर चालते, म्हणून मुलाला ऐकू येत नसल्याचे ध्यानात येत नाही. ‘ह्याचा बापही उशिराच बोलला होता’ या दिलाशात मोलाचे महिने निघून जातात. वर्षाचे मूल बोट दाखवीत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अभिप्रेत आहे. संशय आल्यास मुलास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

ऐकू न येणाऱ्या मुलाला चार घरगुती खुणा पुरत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यासाठी २०१५ मध्ये दिल्लीत संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. केंद्राच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३ हजार शब्द होते. २०२१ च्या आवृत्तीत ते १० हजार झाले.