‘पब्लिक’ हाऊसचे दार कोणासाठी उघडे?

१२ फेब्रुवारी १९६५. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिक या कारखान्यांच्या गावात माल्कम एक्स आले होते. भारतीय कामगारांच्या ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ने त्यांना बोलावले होते. संघटनेचे नेते अवतारसिंग जोहल, जे स्वतः ओतकाम कारखान्यातले कामगार होते, त्यांना ‘ब्लू गेट्स’ नावाच्या पबमध्ये घेऊन गेले. आतल्या चांगल्या खोलीत त्यांना काही देण्यास नकार मिळाला. काळ्या माणसांनी साध्या बारमध्येच बसायचे, असा तिथला रिवाज होता. त्यानंतर नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली.

माल्कम एक्स मुस्लिम होते, दारू पीत नव्हते. मग दारू न पिणारा माणूस पबमध्ये कशाला गेला?

महाडचा इतिहास माहीत असलेल्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले ते केवळ तहान भागवायला नव्हे. इतरांसारखे आपणही माणूस आहोत, हे सिद्ध करायला आपण तळ्यावर जात आहोत, असे त्यांनीच सांगितले होते. पाणी असो की बिअरचा ग्लास, प्रश्न वस्तूचा नसतो, जागेवरच्या हक्काचा असतो.

पंचशीलातले पाचवे शील आणि २२ प्रतिज्ञा मानणारे आम्ही ब्रिटिश पबवर का लिहितो आहोत, असे काही मित्र विचारतील. आम्ही दारूचे गुणगान करत नाही. दारूने आपल्या वस्त्यांत किती घरे बसवली, हे आम्ही रोजच्या कामात पाहतो. पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ कसा घडतो, हे समजून घ्यायला पबसारखे दुसरे उदाहरण क्वचित सापडेल.

पब म्हणजे ‘पब्लिक हाऊस’, लोकांचे घर. पूर्वी लोक घरातच बिअर गाळायचे आणि दारावर खूण लावून विकायचे. १८३० च्या बिअर कायद्यानंतर दोन गिनी भरून कोणाही करदात्या घरमालकाला बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला आणि हजारो नवी दुकाने उघडली. गिरणी आणि खाणकामगारांच्या कोंदट, गार खोल्यांपेक्षा पब उबदार होता. तिथे शेकोटी होती, उजेड होता, बातम्या होत्या. मजुरांच्या आजार-मरणाच्या मदत मंडळांच्या बैठका तिथेच व्हायच्या. साध्या माणसालाही मताचा हक्क हवा, असे म्हणणारी लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटी १७९२ मध्ये एका टॅव्हर्नमध्येच सुरू झाली. पबची ओढ आजही टिकून आहे ती यामुळे. तिथे आमंत्रण लागत नाही. वेटरची वाट न पाहता प्रत्येकाने काउंटरवर जाऊन आपल्या पाळीने मागायचे असते. मित्रांच्या टोळक्यात एकेकाने आळीपाळीने सर्वांचे पैसे द्यायचे असतात. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये आपल्या आदर्श पबवर लेख लिहिला, त्यातही बिअरपेक्षा तिथल्या वातावरणाला अधिक महत्त्व होते.

पण हे चित्र अर्धेच आहे. लोकांच्या या घरात भिंती होत्या. व्हिक्टोरियन काळातल्या पबमध्ये मजुरांसाठी ‘पब्लिक बार’ असायचा, त्यात उघडी फरशी आणि लाकडी बाकडी. बाबू लोकांसाठी ‘सलून बार’ असायचा, त्यात गालिचा आणि गाद्यांच्या खुर्च्या. दारे वेगळी आणि तीच बिअर सलूनमध्ये थोडी महाग. काही ठिकाणी काउंटरवर काचेच्या छोट्या झडपा असत, म्हणजे प्रतिष्ठित गिऱ्हाइकाचे तोंड बारवाल्यालाही दिसू नये. वर्ग असा विटा आणि काचेत बांधलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन आणि भारतीय कामगार आले, तेव्हा वर्णभेदाला नवी भिंत बांधावी लागली नाही. तयार भिंतच वापरली गेली.

बायकांचेही तेच. लंडनमधल्या फ्लीट स्ट्रीटवरच्या ‘एल व्हिनो’ या वाइन बारमध्ये बायकांना काउंटरवर उभे राहून मागता येत नसे. त्यांनी मागच्या खोलीत बसायचे. लिंगभेदविरोधी कायदा १९७५ मध्ये झाला, तरी हा नियम मोडायला दोन स्त्रियांना कोर्टात जावे लागले आणि १९८२ मध्ये निकाल लागला.

आता कायद्यांची तुलना करू. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी यांत जात, धर्म, वंश, लिंग यांवरून कोणाला अडवता येणार नाही, हे आपल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये १९५० पासून आहे. ब्रिटनमध्ये पब आणि हॉटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा पहिला कायदा १९६५ च्या शेवटी आला. जगाला लोकशाही शिकवणारा देश १५ वर्षे मागे होता. पण याचा अभिमान बाळगून आपण थांबू नये. मुंबई कायदेमंडळात बोले ठराव १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने तळे १९२४ मध्ये खुले केले, तरी १९२७ मध्ये लोकांना चालत जावे लागलेच. कायदा कुलूप काढतो. दार मात्र ज्यांना अडवले त्यांनीच ढकलावे लागते.

स्मेदिकमध्ये पुढे काय झाले ते पाहा. बिअरवर कर वाढला, सुपरमार्केटमध्ये ती स्वस्त मिळू लागली, कारखाने बंद पडले. २००७ पासून पबमध्ये धूम्रपानबंदी आली. १९८० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ७० हजारांच्या आसपास असलेले पब आता ४५ हजारांच्या आसपास उरले आहेत. अशा काळात स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविच, हँड्सवर्थ भागातले पडायला आलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. पाटी जुनीच, आत तंदूर. यांना आता ‘देसी पब’ म्हणतात आणि गोरे, काळे, भारतीय तिथे एकाच टेबलावर बसतात. ज्यांना आत घेतले जात नव्हते, त्यांनीच ते घर वाचवले. दक्षिण लंडनमधला ‘आयव्ही हाऊस’ हा पब विकला जाणार होता, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी नव्या कायद्याचा आधार घेतला, वर्गणी आणि कर्ज उभे केले आणि २०१३ मध्ये तो स्वतःच्या मालकीचा केला.

मग सगळे छान झाले का? नाही. आपल्या लोकांबरोबर जातही समुद्र ओलांडून गेली. तिथल्या रविदासी, वाल्मीकी आणि आंबेडकरवादी संघटनांनी समानता कायद्यात जातीचा उल्लेख यावा म्हणून लढा दिला. २०१३ मध्ये संसदेने तशी तरतूद करणे सरकारवर बंधनकारक केले. २०१८ मध्ये सरकारने अंग काढून घेतले आणि न्यायालयांच्या निकालांवर विसंबून राहा म्हणाले. वर्णभेदाविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्या समाजातच काही संघटनांनी जातीच्या तरतुदीला विरोध केला. स्वतःवरचा भेद दिसतो, स्वतः केलेला दिसत नाही.

आणि आपण? १८६२ मध्ये पाद्री हेन्री सॉली यांनी कामगारांना पबपासून दूर नेण्यासाठी दारूमुक्त क्लबांची संघटना काढली. थोड्याच वर्षांत त्या क्लबांत बिअर आली आणि पुढे कामगारांनी सूत्रेही आपल्या हाती घेतली. वरून उपदेश करून दिलेली जागा लोकांची होत नाही. आपल्या वस्तीतल्या दारूच्या गुत्त्यावर संध्याकाळी गर्दी का होते? बाकडे, उजेड, ओळखीचे चेहरे आणि कोणी हाकलत नाही, हेही एक कारण आहे. त्याच वेळी शेजारच्या विहाराला कुलूप असते आणि किल्ली समितीच्या एका माणसाकडे. पौर्णिमा आणि जयंतीला उघडणारे विहार सार्वजनिक कसे म्हणायचे?

लंडनमध्ये अर्धपोटी राहणाऱ्या बाबासाहेबांना उबदार जागा मिळाली ती ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. आपल्या विहारात रोज संध्याकाळी दिवा लागावा, वर्तमानपत्र असावे, चहा असावा, पोरींना अभ्यासाला आणि बायकांना बोलायला जागा असावी, दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्यालाही यावेसे वाटावे. नुसते ‘दारू सोडा’ म्हणून भागणार नाही. दारू सोडलेल्या माणसाने संध्याकाळी जायचे कुठे, याचे उत्तर आपणच बांधले पाहिजे. सुरुवात किल्लीपासून करू.

जय भीम.