मतदान यंत्र : मतदारासाठी घडलेले तंत्र

डिजिटल साधन कितीही प्रगत असले, तरी वापरणाऱ्याच्या गरजांशी व सवयींशी ते जुळले नाही तर निरुपयोगी ठरते. साधनाची घडण माणसापासून सुरू करण्याच्या या पद्धतीला 'मानवकेंद्री अभिकल्प' म्हणतात. भारतातील इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र हे तिचे ठळक उदाहरण होय.

हे यंत्र मे १९८२ मध्ये केरळमधील परवूर विधानसभा मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर प्रथम वापरले गेले. मात्र कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान अवैध ठरविले. १९८८ च्या अखेरीस कायदा दुरुस्त झाला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली. भारत इलेक्ट्रॉनिक्स व इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपन्या ती तयार करतात. यंत्राच्या अभिकल्पात मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील प्रा. ए. जी. राव आणि प्रा. रवी पूवैया यांचा वाटा होता.

निरक्षर मतदारालाही कोणाच्या मदतीवाचून गुप्तपणे मत देता यावे, ही मुख्य गरज होती. म्हणून यंत्रावर कळफलक नाही की पडद्यावरील सूचना नाहीत. परिचित मतपत्रिकाच यंत्रावर बसविलेली असते. तिच्यावर उमेदवाराचे नाव व चिन्ह असते आणि शेजारी निळे बटण. ते दाबताच लाल दिवा लागतो आणि लांब 'बीप' ऐकू येतो. मत नोंदले गेल्याचे मतदाराला डोळ्यांनी व कानांनी कळते. दृष्टिहीनांसाठी ब्रेलमध्ये क्रमांक असतात. शिक्का दोन चौकटींच्या मध्ये पडून मत बाद होण्याचा प्रकारही संपला. वीज नसलेल्या गावातही अडचण येऊ नये म्हणून यंत्र बॅटरीवर चालते.

मतदान अधिकाऱ्याने नियंत्रण युनिटवरील बटण दाबल्यावरच एक मत देता येते. पुढच्या मतासाठी त्याला ते पुन्हा दाबावे लागते. त्यामुळे एकाच व्यक्तीला सलग अनेक मते देता येत नाहीत.

परंतु सुलभता ही एकच मानवी गरज नव्हे. विश्वास हीही तितकीच मोठी गरज आहे. कागदी मतपत्रिका मतदार स्वतः पाहू शकत होता, यंत्रातील नोंद मात्र त्याला दिसत नव्हती. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये तेथील मतदान यंत्रांचा वापर याच मुद्द्यावर घटनाबाह्य ठरविला. निकालाची पडताळणी विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय सामान्य नागरिकाला करता आली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते. भारतात २०१३ मध्ये नागालँडमधील नोक्सेन येथे मतदान पडताळणी चिठ्ठी, म्हणजे व्हीव्हीपॅट, प्रथम वापरली गेली. काचेमागे सात सेकंद दिसून ती पेटीत पडते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्वत्र आली. सर्व चिठ्ठ्यांच्या मोजणीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली; तरी यंत्रांवरील वाद शमलेला नाही.

चांगल्या अभिकल्पाची कसोटी म्हणूनच दुहेरी असते : वापरणाऱ्याला साधन सहज वापरता यावे आणि त्याने नेमके काय केले याची खात्रीही पटावी.