शाळकरी धावपटूची नडगी का दुखते? शर्यतींच्या सिझनमध्ये शरीरात काय घडतं?

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत शालेय क्रीडा स्पर्धांची तयारी सुरू होते. मे महिन्यातल्या उन्हात घरात बसलेली मुलं एकदम मैदानावर उतरतात. वर्धा जिल्ह्यातला नववी-दहावीतला एखादा मुलगा १५०० आणि ३००० मीटरला नाव देतो, तालुक्याला पहिला येतो, जिल्ह्याला निवडला जातो आणि विभागीय स्पर्धेच्या तोंडावर त्याची नडगी दुखायला लागते.

"सवय नाही, होईल बरं," असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा ते खरंही ठरतं. पण काही वेळा तीच हाडाला चीर पडत असल्याची सुरुवात असते. हे दुखणं का होतं, त्यातलं साधं कोणतं आणि धोक्याचं कोणतं, हे समजून घेऊया.

सिझन कसा असतो?

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात. वर्धा जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. जिल्ह्यात निवड झालेला खेळाडू नागपूर विभागात जातो. तिथे त्याची गाठ नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मुलांशी पडते.

म्हणजे जो जिंकतो, त्याला पुन्हा धावावं लागतं. हरलेल्या मुलाला आपोआप विश्रांती मिळते, जिंकलेल्याला मिळत नाही. त्यात चांगल्या धावपटूला शाळा दोन-तीन प्रकारांत उतरवते. मधल्या काळात १५ ऑगस्टची किंवा एखाद्या मंडळाची रोख बक्षिसाची 'मॅरेथॉन' येते. नाव मॅरेथॉन असलं तरी अंतर बहुतेकदा ३ ते १० किलोमीटर असतं आणि शर्यत डांबरी रस्त्यावर होते.

मुलं दुखणं का लपवतात?

कारण पणाला बरंच काही लागलेलं असतं. ठरावीक पातळीवरच्या कामगिरीसाठी दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. शेतकरी किंवा शेतमजुराच्या घरातल्या मुलासाठी धावणं हा नोकरीचा रस्ता असतो. दुखतंय असं सरांना सांगितलं तर नाव कापलं जाईल, ही भीती खरी असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं ते दुखणं पाचव्या आठवड्यात बाहेर येतं.

दम लवकर वाढतो, हाड उशिरा तयार होतं

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. एका किलोमीटरला सुमारे ९०० पावलं धरली, तर ५ किलोमीटरला साडेचार हजार पावलं होतात. ४५ किलोच्या मुलाच्या पायावर प्रत्येक वेळी शंभर किलोच्या आसपास भार पडतो.

हाड हे जिवंत असतं. भार वाढला की शरीर आधी त्यातला जुना, झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. हे काम पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. काढणं आधी आणि भरणं नंतर होत असल्यामुळे मधले काही आठवडे हाड उलट थोडं कमजोर असतं.

दम मात्र तीन-चार आठवड्यांतच वाढलेला जाणवतो. मुलाला वाटतं, आता दुप्पट धावता येईल. हृदय आणि फुप्फुसं तयार असतात, नडगी तयार नसते. म्हणूनच दुखणं पहिल्या दिवशी न येता पुष्कळदा सराव सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी येतं.

वाढीचं वय ही आणखी एक अडचण. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. या काळात हाडं आधी लांब होतात, त्यांच्यात कॅल्शियम भरायला काही महिने जास्त लागतात. हाडांच्या टोकांजवळची वाढीची जागाही अजून कच्ची असते.

कोणतं दुखणं कशाचं?

• शिन स्प्लिंट: नडगीच्या आतल्या कडेने लांब पट्ट्यात दुखतं. दाबून पाहिलं तर चार-पाच बोटं किंवा त्याहून जास्त भाग दुखतो. सुरुवातीला अंग गरम झालं की कमी होतं. सराव कमी केला तर बहुतेकदा बरं होतं.

• स्ट्रेस फ्रॅक्चर: हाडाला पडलेली बारीक चीर. एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या जागी दुखतं. धावताना वाढत जातं, पुढे चालताना आणि रात्रीही दुखतं. त्या पायावर उडी मारली की कळ येते.

• ऑसगूड-श्लॅटर: गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो आणि सुजतो. वाढीच्या वयातच होतं. भार कमी केल्यावर आणि वाढ पूर्ण झाल्यावर सहसा थांबतं.

• सेव्हर्स: टाचेच्या मागच्या भागात दुखतं. साधारण ८ ते १४ वयाच्या मुलांत दिसतं.

• जांघेतलं दुखणं: धावल्यावर जांघेत खोलवर दुखत असेल तर ते कधीच अंगावर काढू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असण्याची शक्यता असते. दुर्लक्ष झालं तर हाड सरकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

जमीन आणि ऊन यांचा संबंध काय?

वर्ध्याची काळी जमीन पावसाळ्यात चिकट चिखल होते. ती बुटाला लागते, पाय घसरतो, घोटा मुरगळतो. वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून ऐन सिझनमध्ये मुलं डांबरी रस्त्यावर सराव करतात. रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावलं की एका पायावर वेगळा ताण येतो. आलटून पालटून बाजू बदलणं आणि मिळेल तिथे मुरमाड किंवा गवताळ जागा निवडणं, हे बिनपैशाचे उपाय आहेत. मात्र रस्त्यावर वाहनं दिसावीत म्हणून ती समोरून येतील अशा बाजूनेच धावायला सांगतात. त्यामुळे बाजू बदलायची तर ती रहदारी नसलेल्या रस्त्यावरच.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी धावणं धोक्याचंच, पण दोन महिने पूर्ण बंद ठेवून जुलैत एकदम सुरू करणं पायांना महागात पडतं. मे-जूनमध्ये सूर्योदयाच्या आधी आठवड्यातून तीन-चार दिवस २० मिनिटं सावकाश धावलं, तरी हाडांची सवय टिकते.

मुलींसाठी वेगळी काळजी

धावण्यात खर्च होणारी ऊर्जा जेवणातून भरून निघाली नाही, तर शरीर काटकसर करायला लागतं. मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. ती मुलांनाही होऊ शकते.

अमेरिकेची मेरी केन हे याचं जगभर गाजलेलं उदाहरण. शाळेत असतानाच, १७ व्या वर्षी, ती २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. पुढे वजन कमी करण्याचा दबाव आला, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

आपल्याकडे कारण वेगळं असू शकतं. पहाटे उपाशीपोटी सराव, डब्यात थोडीशी पोळीभाजी आणि संध्याकाळी पुन्हा सराव. रक्तक्षय असेल तर थकवा आणखी वाढतो. तूर, चणे, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, दूध, अंडी हे महागड्या पावडरीपेक्षा उपयोगाचं आहे. पाळी तीन महिने चुकली तर ते 'सरावामुळे होतं' म्हणून सोडू नये. डॉक्टरांना सांगावं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर धावणं थांबवून तपासून घ्यावं:

• एकाच जागी बोट ठेवून सांगता येईल असं दुखणं
• चालताना लंगडणं
• रात्री किंवा बसल्या जागी दुखणं
• सूज
• जांघेत दुखणं
• आठवडाभर विश्रांती घेऊनही फरक न पडणं

वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय इथे अस्थिरोग विभाग आहेत. एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणजे धावायला मोकळीक मिळाली, असं नाही. गरज वाटल्यास डॉक्टर एमआरआय सांगतात.

दुखऱ्या नडगीला जोरात चोळून घेणं किंवा वेदनाशामक गोळी घेऊन शर्यत धावणं टाळावं. गोळीने चीर भरत नाही, फक्त तिची सूचना बंद होते.

परत कधी धावायचं?

नडगीच्या साध्या स्ट्रेस फ्रॅक्चरला बहुतेकदा सहा ते आठ आठवडे लागतात, काही जागांना त्याहून जास्त. आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच पुढची पायरी. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर. या काळात पोहणं किंवा न दुखता सायकल चालवून दम टिकवता येतो. घाई करू नये, कारण आधी झालेली दुखापत हेच पुढच्या दुखापतीचं एक मोठं कारण असतं.

दुखापत टाळण्यासाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सोपा आहे: आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षात एकूण दोन-तीन महिने त्या खेळापासून विश्रांती. ही विश्रांती एक-एक महिन्याच्या तुकड्यांत घेता येते आणि त्यात दुसरे खेळ खेळायला हरकत नसते.

एक सिझन गेला तर सगळं गेलं का?

नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सुमारे सहा किलोमीटर अंतर पार करून शाळेत जायचा, पण तो शालेय स्पर्धांमधून पुढे आला नाही. बारावीनंतर तो लष्करात गेला, सियाचीनमध्ये तैनात राहिला आणि २०१५ मध्ये क्रॉस कंट्री धावायला लागला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, तर २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. ती २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली.

लांब पल्ल्याचे धावपटू बहुतेकदा विशीनंतर बहरतात. पंधराव्या वर्षी हुकलेली विभागीय स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा येते. दुखऱ्या हाडावर धावून चीर पूर्ण मोडली, तर पुढचं वर्षही जातं. म्हणून क्रीडा शिक्षकांनी आणि पालकांनी सरावाच्या वेळेइतकंच रोज एक विचारावं: "आज कुठे दुखतंय का?" आणि उत्तर 'हो' आलं, तर त्या मुलाचं नाव लगेच कापलं जाणार नाही, याची खात्री त्याला आधीच द्यावी.