शिपमन, हॅरल्ड फ्रेडरिक

(१४ जानेवारी १९४६ – १३ जानेवारी २००४). आपल्याच रुग्णांचे खून करणारा इंग्लंडमधील डॉक्टर. जन्म नॉटिंगहॅम येथे. लीड्स येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर तो टॉडमर्डन येथे व्यवसाय करू लागला. तेथे पेथिडिन या वेदनाशामकाचे व्यसन जडून खोट्या औषधचिठ्ठ्या लिहिल्याबद्दल १९७६ मध्ये त्याला दंड झाला, पण वैद्यक परिषदेने त्याची नोंदणी रद्द केली नाही. १९७७ पासून मँचेस्टरजवळील हाइड या गावात तो कुटुंबवैद्य होता आणि १९९२ मध्ये त्याने स्वतःचा दवाखाना थाटला.

वृद्धांची घरी जाऊन विचारपूस करणारा डॉक्टर ही त्याची ख्याती होती. ही प्रतिष्ठा त्याच्या गुन्ह्यांचे निव्वळ आवरण नव्हती, तर तीच त्याचे मुख्य साधन होती. कारण तिच्या बळावर तो एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घरात शिरे, डायमॉर्फिन म्हणजे औषधी हेरॉइन टोचून तिला मारी, मृत्यूचा दाखला स्वतःच लिही आणि शवविच्छेदनाची गरज नाही असे नातेवाइकांना पटवून देई. दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागे, पण सहव्यावसायिकावरील विश्वासाने ती सहज मिळत असे. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टर लिंडा रेनॉल्ड्स यांनी मृत्यूंच्या वाढत्या संख्येबद्दल शंका घेतली. पोलिसांनी मात्र त्याची जुनी शिक्षासुद्धा न तपासता चौकशी गुंडाळली आणि त्यानंतर आणखी तीन स्त्रियांचा बळी गेला. हे अपयश अक्षम्यच म्हणावे लागेल.

अखेर ८१ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीचे बनावट मृत्युपत्र त्याच्या टंकयंत्रावर तयार झाल्याचे आढळले, तिचे पुरलेले शव उकरून तपासल्यावर त्यात डायमॉर्फिन सापडले आणि रुग्णनोंदी मृत्यूनंतर बदलून त्यांवर मागील तारखा घातल्याचे त्याच्या संगणकानेच दाखवून दिले. ३१ जानेवारी २००० रोजी १५ खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये २१५ बळी निश्चित केले. पुढे हा अंदाज सुमारे २५० वर गेला. वेकफील्डच्या तुरुंगात त्याने आत्महत्या केली. गुन्हा त्याने कधीच कबूल केला नाही, त्यामुळे हेतूचा उलगडाही झाला नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या दाखल्याची स्वतंत्र वैद्यकीय छाननी व्हावी, ही या चौकशीतून पुढे आलेली सूचना इंग्लंड व वेल्समध्ये कायद्याने सक्तीची होण्यास ९ सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला.